‘मंदाकिनी’ची ‘गोदा’ होताना: फायबर बोटीवरचे जुने रेडियम काढून नवे लावण्याचा प्रकरण अभ्यास

बोट १६ फुटी, उघडी, पांढऱ्या जेलकोटची (जेलकोट म्हणजे फायबरवरचा बाहेरचा चकचकीत रेझिनचा थर). सहा जण बसतील एवढी, मागे आउटबोर्ड इंजिन. वय साधारण अकरा वर्षे, मालक दुसरा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका जुन्या वाड्याच्या अंगणात ट्रेलरवर उभी असते आणि पाण्यात उतरते ती तिघरा धरणाच्या जलाशयात. नव्या मालकांचे कुळ मूळचे नाशिककडचे, म्हणून नाव ठरले ‘गोदा’. जुने नाव ‘मंदाकिनी’. त्यातला अनुस्वाराचा टिंब कधीच गळून पडलेला असल्यामुळे बोट काही वर्षे ‘मदाकिनी’ म्हणूनच फिरत होती.

अंगावर एकूण काय काय चिकटवलेले होते ते आधी नोंदवून ठेवू. दोन्ही बाजूंना ४.२ मीटर लांब आणि ७५ मिमी रुंद गडद निळी पट्टी. तिच्याखाली १० मिमी जागा सोडून २० मिमीची लाल रेघ. पुढच्या टोकाकडे १८० मिमी उंचीच्या लाल अक्षरांत नाव. मागच्या सपाट फळीवर प्रवासी क्षमता आणि लाइफ जॅकेटची सूचना. बाजारात या सगळ्याला ‘रेडियम’ म्हणतात. रेडियम नावाच्या मूलद्रव्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे साधे पीव्हीसीचे व्हिनाइल, मागे ॲक्रिलिक डिंक.

काम दोनदा झाले. पहिल्यांदा जानेवारीत, आणि ते बिघडले. दुसऱ्यांदा मार्चमध्ये. दुसऱ्या वेळचा निम्माअधिक वेळ पहिल्या वेळचे नुकसान निस्तरण्यात गेला, म्हणून सुरुवात तिथूनच करावी लागते.

जानेवारीत काय झाले

धुक्याची सकाळ, हवा आठ-नऊ अंशांवर. घराला रंग देणाऱ्या कारागिराकडे काम सोपवले होते. त्याच्याजवळ पुट्टी लावायची लोखंडी पत्ती आणि पाच लिटर एनसी थिनर, म्हणजे लॅकर रंग पातळ करायचे, पटकन उडणारे द्रावण. भिंतीचा जुना रंग खरवडावा तसे त्याने पट्टी खरवडायला घेतले.

जुन्या व्हिनाइलचा मऊपणा प्लॅस्टिसायझरमुळे असतो. वर्षानुवर्षे उन्हात हा द्रव फिल्ममधून बाहेर निघून जातो. काही हवेत, काही खालच्या डिंकात. राहते ते कडक, आक्रसलेले पीव्हीसी. थंडीत ते पापडासारखे मोडते. पत्तीच्या प्रत्येक रेट्याला नखाएवढा तुकडा निघत होता आणि डिंक जागच्या जागी राहत होता. वैतागून पत्तीचा कोन वाढवला गेला, कोपरा जेलकोटमध्ये घुसू लागला. दोन्ही बाजूंना मिळून अकरा ओरखडे पडले. त्यांपैकी तीन इतके खोल की आतली काच-चटई दिसली. कारखान्यातून आलेला जेलकोट साधारण अर्धा मिमी जाडीचा असतो. तेवढ्या कातडीवर लोखंडी पत्ती चालवायला जागाच नसते.

मग थिनर. थिनरने डिंक विरघळला हे खरे, पण विरघळला म्हणजे निघाला नाही. अकरा वर्षे उन्हात राहिलेल्या जेलकोटचा वरचा थर खडूसारखा भुकटी झालेला असतो. हाताचे बोट फिरवले की पांढरे लागते. पातळ झालेला डिंक या सच्छिद्र थरात शोषला गेला, थिनर मिनिटभरात उडून गेला आणि मागे राखाडी, चिकट, हातभर रुंद पट्टा उरला. त्यावर अंगणातली धूळ बसली. शेवटचा उपाय म्हणून हीट गन (गरम हवा फेकणारे यंत्र) आणली आणि ती पूर्ण जोरावर दोन इंचांवरून एका जागी धरली. तिथे तळहाताएवढा पिवळट डाग कायमचा पडला. तिथे काम थांबवले. थांबवले हे फार बरे केले.

तीन वेगळ्या गोष्टी

मार्चमध्ये फायबरच्या कामाची सवय असलेल्या कारागिरांनी बोट हातात घेतली तेव्हा पहिला दिवस फक्त पाहण्यात आणि मोजण्यात गेला. अशा कामात नजरेला एकच घाण दिसते, प्रत्यक्षात तीन गोष्टी एकावर एक असतात: वरची फिल्म, मधला डिंक, आणि खाली जेलकोटवर उमटलेली सावली. तिघींचे औषध वेगळे. जानेवारीत तिन्हींवर एकच औषध चालवले गेले.

सावलीबद्दल लोकांचा हमखास गैरसमज होतो. फिल्म आणि डिंक निघाल्यावरही जुने नाव स्वच्छ वाचता येते. इथेही उजव्या बाजूला ‘मंदाकिनी’ निघाल्यावर मालक कारागिराला म्हणालेच, “काका, अजून डिंक राहिलाय बघा, सगळी अक्षरं दिसतायत.” काकांचे उत्तर तीन शब्दांचे होते: “नख लावून बघा.”

नखाला चिकट काहीच लागत नाही. उलट, जिथे अक्षर होते तिथला जेलकोट गुळगुळीत, चकचकीत आणि मूळचा पांढरा असतो. आजूबाजूचा पिवळट आणि खडबडीत. व्हिनाइलने अकरा वर्षे तेवढ्या भागावर छत्री धरली होती. म्हणजे अक्षराची जागा चांगली आहे, खराब आहे ती बाकीची बोट. हे ध्यानात न आल्यामुळे माणसे सावलीवरच थिनर चोळतात, सावलीवरच वॉटर पेपर (पाण्याने ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) घासतात, चांगला भाग खराब करतात आणि अक्षर काही जात नाही. सावली घालवायची तर हात तिच्या भोवती चालवावा लागतो.

फिल्म काढणे

काढण्यापूर्वी तीन गोष्टी केल्या. दोन्ही बाजूंचे फोटो पट्टीमाप धरून काढले. बोटीच्या काठापासून पट्टीच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर दर ५०० मिमीवर मोजून लिहिले. आणि नोंदणी क्रमांक असलेला भाग मास्किंग टेपने वेगळा केला. यंत्रावर चालणाऱ्या बोटीचा नोंदणी क्रमांक सजावटीत मोडत नाही. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ प्रमाणे तो ठळक दिसेल अशा जागी असावा लागतो, म्हणून नवा क्रमांक कापून तयार होईपर्यंत जुन्याला हात लावला नाही.

काम अंगणातच केले, तिघऱ्याच्या काठावर नाही. साँक नदीवरच्या या धरणाचे पाणी ग्वाल्हेर शहर पिते. व्हिनाइलचे तुकडे, टर्पेंटाईनच्या चिंध्या आणि पॉलिशच्या कंपाउंडचे ओघळ यांना तिथे जागा नाही. खाली जुना फ्लेक्स अंथरला होता, त्यामुळे संध्याकाळी सगळा कचरा गुंडाळून उचलता आला. हा कचरा जाळायचा मात्र नाही, पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ग्वाल्हेरला दुपारी हवा तेहतिसाच्या आसपास होती. पांढरा जेलकोट उन्हात चाळीसपर्यंत चढत होता, गडद निळी पट्टी पंचावन्नच्या घरात. हे इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलेले आकडे आहेत. हाताच्या अंदाजावर जाऊ नये. फिल्म काढायला ५० ते ५५ अंश हे योग्य तापमान. त्याखाली ती मोडते. त्यावर ती च्युइंगमसारखी ताणली जाऊन फाटते आणि डिंक मागे सोडते. ६५ च्या वर जेलकोटलाच धोका सुरू होतो. म्हणून क्रम असा ठेवला: सकाळी पश्चिमेकडची बाजू सावलीत, तिथे डिंकाचे काम, पूर्वेची बाजू उन्हात, तिथे फिल्म. दुपारनंतर अदलाबदल. हीट गन लागली ती फक्त कडा उचलायला आणि काठाखालच्या सावलीतल्या भागाला. तीही मधल्या सेटिंगवर, २० ते २५ सेंमी अंतरावरून, रंगाचा ब्रश फिरवतो तशी सतत हलती.

कड प्लॅस्टिकच्या ब्लेडने उचलायची. ही ब्लेडे दाढीच्या ब्लेडच्या आकाराची, धारकात बसणारी असतात. धार लवकर जाते, म्हणून या कामात चाळीसेक लागली. दोन बोटे रुंद कड सुटली की पट्टी तिच्याच अंगावर मागे दुमडून, पृष्ठभागाला लगटून, सावकाश ओढायची. सरळ आपल्याकडे ओढली की तुटते. झटका दिला तर हमखास तुटते. निळी पट्टी या पद्धतीने एका बाजूला हात-दीड हात लांबीच्या तुकड्यांत निघाली, जी जानेवारीत नखाएवढ्या तुकड्यांत निघत होती. चार मीटरला अडीच तास लागले.

लाल अक्षरे मात्र ऐकेनात. लाल फिल्म फिकट गुलाबी होऊन पार ठिसूळ झालेली. तिच्यासाठी ड्रिलला लावायचे रबरी चाक वापरले, गाड्यांच्या कारखान्यांत स्टिकर काढायला असते तेच. वेग मिनिटाला १५०० ते २००० फेरे, दाब जवळजवळ नाहीच, आणि एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे नाही. थांबलात तर रबर वितळून जेलकोटवर काळा लेप बसतो, म्हणजे एक घाण काढून दुसरी लावल्यासारखे. दोन बाजूंच्या अक्षरांना दीड चाक खर्ची पडले.

जाता जाता देवनागरीची एक खासियत. टिंब, नुक्ता, चंद्र हे बारीक तुकडे सर्वांत आधी गळतात, कारण क्षेत्रफळाच्या मानाने त्यांची कड जास्त, आणि फिल्म सुटते ती नेहमी कडेपासून. शिरोरेखेचे दुखणे उलटे. ती लांब सलग पट्टी असते, फिल्म आक्रसली की सगळा ताण तिच्या दोन टोकांवर येतो. ‘मंदाकिनी’च्या शिरोरेखेची दोन्ही टोके तीन-तीन मिमी आत सरकलेली होती आणि मागे काळ्या डिंकाची रेघ उघडी पडली होती.

डिंक

ताजा डिंक, म्हणजे मार्चमध्ये नीट काढलेल्या फिल्मखालचा, सोपा होता. मिनरल टर्पेंटाईनमध्ये भिजवलेली सुती चिंधी पट्टीवर चिकटवून ठेवायची आणि वरून स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म लावायची, नाहीतर उन्हात ते सुकून जाते. आठ-दहा मिनिटांत डिंक फुगतो. मग प्लॅस्टिक ब्लेडने तो गोळा करून उचलायचा, पसरवायचा नाही. थिनर आणि टर्पेंटाईन यांतला फरक इथेच आहे. थिनर पटकन विरघळवतो आणि पटकन उडतो. टर्पेंटाईन रेंगाळते, डिंकाला सुजवते, आणि सुजलेला डिंक उचलता येतो. रॉकेलही हेच करते, पण मागे तेलकटपणा जास्त ठेवते. ॲसिटोन अशा मोठ्या भागावर नकोच; त्याची जागा पुढे येते.

नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन चिंध्यांची पद्धत: एका हातात ओली, दुसऱ्या हातात कोरडी. ओलीने पुसले की ते सुकण्याआधी कोरडीने टिपायचे. सुकू दिले तर विरघळलेले सगळे पुन्हा तिथेच बसते. चिंधीची घडी दर हातभर अंतराला बदलायची. कंजूषपणा करायची ही जागा नव्हे. या बोटीला तीन किलो सुती चिंध्या, दीड लिटर टर्पेंटाईन आणि एक लिटर आयसोप्रोपिल लागले. ही द्रव्ये उघडी असताना हीट गनचा प्लग भिंतीतून काढलेला होता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

जानेवारीचा राखाडी पट्टा मात्र कशानेच सुटेना. तो डिंक आता पृष्ठभागावर नव्हता, भुकटीच्या थरात मुरला होता. विरघळवून निघणार नव्हता. थरासकटच काढावा लागणार होता. आधी टर्पेंटाईनने वरचा जेवढा येईल तेवढा काढला, कारण डिंकावर वॉटर पेपर चालवला की तो दोन हातांत भरून जातो. मग लाकडी ठोकळ्याला १००० नंबरचा वॉटर पेपर लावून, बादलीत थेंबभर साबण टाकून, ओले घासले. कागद वारंवार धुतला. निथळणारे पाणी आधी राखाडी, मग दुधी, मग स्वच्छ पांढरे झाले. स्वच्छ पांढरे दिसले की थांबायचे. पुढे घासले तर फक्त जेलकोट खर्च होतो. रंग कुठे पारदर्शक वाटू लागला किंवा काचेची वीण अंधुक दिसू लागली, तर तिथे घासणे आधीच जास्त झालेले असते.

सावली

नव्या पट्टीची रुंदी ठरवताना जुन्या सावलीचा विचार आधी केला. जुनी पट्टी, मधली जागा आणि लाल रेघ मिळून १०५ मिमी. नवी पट्टी ११५ मिमीची घेतली. सगळी सावली तिच्याखाली गेली, घासायची गरजच उरली नाही. हा सर्वांत स्वस्त उपाय असतो आणि तोच सर्वांत कमी सुचतो.

नावाचा प्रश्न तसा सुटणारा नव्हता. ‘मंदाकिनी’ ९०० मिमी लांब, ‘गोदा’ जेमतेम निम्मी. अक्षरे कितीही ताणली तरी बाजूने ‘कि’ आणि ‘नी’ डोकावणारच. म्हणून नावाभोवतीचा सगळा भाग, काठापासून पट्टीपर्यंत आणि पुढच्या टोकापासून सव्वा मीटर मागेपर्यंत, एकसंध घेतला. फक्त अक्षरांच्या आसपास घासले असते तर अक्षरांऐवजी ढगासारखा पांढरा डाग दिसला असता. १००० ने ओले घासणे, मग १५००, मग २०००. प्रत्येक वेळी दिशा काटकोनात बदलून, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे गेले की नाही ते कळते. नंतर लोकरी पॅड, मिनिटाला १२०० ते १५०० फेरे, रबिंग कंपाउंड. कंपाउंड सुकेपर्यंत पॅड फिरवायचा नाही. करपल्यासारखा वास आला की जेलकोट तापलाय. दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ६०० ग्रॅम कंपाउंड गेले.

निकाल काय? समोरून पाहिले तर काही नाही. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, माहीत असलेल्याला, ‘दा’चा काना अजून दिसतो. अक्षराच्या जागी पृष्ठभाग केसभर उंच राहिलेला असतो, कारण आजूबाजूचा झिजलाय. तो पूर्ण सपाट करायचा तर आणखी जेलकोट काढावा लागला असता, आणि अकरा वर्षांच्या बोटीवर तो शिल्लक ठेवणे जास्त महत्त्वाचे. एक-दोन उन्हाळ्यांत सगळा भाग सारखाच रापतो आणि फरक आणखी कमी होतो. मालकांना हे आधीच सांगून ठेवले होते.

ओरखडे बुजवणे

आठ उथळ ओरखडे घासण्यातच गेले. उरलेल्या तीन खोल ओरखड्यांना जेलकोट भरावा लागला. इथे क्रम महत्त्वाचा: आधी आजूबाजूचा भाग घासून-चमकवून घ्यायचा, मग रंग जुळवायचा. उलटे केले तर पिवळट पृष्ठभागाशी जुळवलेला ठिगळ नंतर पांढऱ्यावर उठून दिसतो. बाजारातला ‘सुपर व्हाइट’ या बोटीला फार निळसर पडला. सुईच्या टोकावर मावेल एवढी पिवळी आणि त्याहून कमी तपकिरी पिगमेंट पेस्ट घातल्यावर जमला.

ओरखडा अरुंद असेल तर जेलकोट आत जात नाही, वर पूल होतो. म्हणून त्याला व्ही आकारात उघडले, ८० च्या कागदाने खरखरीत केले आणि ॲसिटोनने पुसले. ॲसिटोनची जागा ही: थोडा भाग, एक हात, लगेच कोरडे. ४० ग्रॅम जेलकोटला ०.५ ग्रॅम हार्डनर, म्हणजे सव्वा टक्का. थेंब मोजण्यापेक्षा १ मिलीची सिरिंज बरी, जवळपास ०.४५ मिली होतो. उन्हाळा आहे म्हणून एक टक्क्याच्या खाली जाऊ नये, जेलकोट कायमचा मऊ राहतो. हा हार्डनर म्हणजे एमईके पेरॉक्साइड. डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडायची नाही. जेलकोट प्रमोटर (हार्डनरची क्रिया चालू करणारे कोबाल्टचे द्रावण) न घातलेला आला असेल तर कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत. आधी कोबाल्ट जेलकोटमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. थेट मिसळले तर स्फोट होऊ शकतो.

भरताना पृष्ठभागापेक्षा किंचित वर ठेवला, कारण तो बसतो. हवेशी संपर्क आला तर जेलकोटचा वरचा थर चिकट राहतो, म्हणून पारदर्शक प्लॅस्टिक शीट टेपने चिकटवून झाकला. चार तासांनी शीट काढून ३२०, ६००, १०००, आणि पुढे नेहमीचे. पिवळ्या डागाला मात्र हात लावला नाही. उष्णतेने आलेला पिवळेपणा खोलवर असतो, आणि तो नेमका नव्या पट्टीखाली जात होता.

नवी फिल्म

फ्लेक्सवाल्याकडे सहसा मिळते ते कॅलेंडर पद्धतीचे, मोनोमेरिक व्हिनाइल: लाटून पातळ केलेले, ८० ते १०० मायक्रॉन जाड. लाटताना आत ताण राहतो आणि तापले की फिल्म परत आक्रसू पाहते. दुकानाच्या पाटीला ठीक. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात, पंचेचाळीसच्या हवेत, बोटीच्या वळणावर ते दोन-तीन वर्षांत कडा सोडते. कास्ट फिल्म ओतून बनवतात, जाडी साधारण ५० मायक्रॉन, आत ताण जवळजवळ नाही. पट्टी आणि नावासाठी कास्ट घेतली. मागची फळी सपाट आहे, तिथल्या सूचनेसाठी पॉलिमेरिक कॅलेंडर (लाटलेलीच, पण मोनोमेरिकपेक्षा कमी आक्रसणारी) पुरेशी होती, पैसे वाचले. कास्ट पातळ असल्यामुळे खालचा प्रत्येक कण दाखवते. तक्रार करण्यासारखी गोष्ट नाही, पण माहीत असावी. रंग आकाशी घेतला, गडद निळा नाही, कारण गडद पट्टी स्वतः तापते आणि खालच्या जेलकोटलाही तापवते.

फिल्म कापणाऱ्या यंत्राला, म्हणजे प्लॉटरला, फाइल देताना सगळे कोपरे ५ मिमी त्रिज्येने गोल केले. टोकदार कोपरा सर्वांत आधी उठतो. ‘गोदा’मध्ये अनुस्वार नाही, हा योगायोगाने मिळालेला फायदा. शिरोरेखा दोन्ही अक्षरांना जोडून एक तुकडा ठेवते, लावताना अंतर चुकत नाही. बोटीवर ठेवून कटरने कापायचे नाही, कधीच. कटरची रेघ फिल्मबरोबर जेलकोटही कापते आणि पुढच्या वेळी चीर तिथूनच पसरते.

लावणे, आणि डाव्या बाजूचा फजितवाडा

वेळ सकाळी सात ते दहा. बोटीची कातडी २४ ते २८ अंशांवर. दुपारी लावायला गेले तर डिंक टेकताक्षणी धरतो, सरकवायला वाव राहत नाही.

ट्रेलरवरची बोट समपातळीत नसते, म्हणून स्पिरिट लेव्हल निरुपयोगी. पट्टी काठाच्या कमानीला समांतर जायला हवी. दर ५०० मिमीवर काठापासून खाली खुणा केल्या, खुणांवरून मास्किंग टेप ताणला, आणि पाच-सहा मीटर मागे जाऊन नुसत्या डोळ्यांनी पाहिले. पुढच्या टोकाकडे बोटीचे अंग बाहेर पसरते. तिथे मापाने बरोबर असलेली पट्टी डोळ्यांना खाली लोंबल्यासारखी दिसते. शेवटच्या ६०० मिमीत ती ८ मिमी वर घेतली. इथे डोळ्याचे ऐकावे, टेपचे नाही.

पट्टी तीन तुकड्यांत केली, सांधे १० मिमी एकमेकांवर. लावायला सुरुवात मागून. म्हणजे पुढचा तुकडा मागच्या तुकड्यावर येतो आणि पाणी सांध्यात न घुसता वरून घसरते, कौलांसारखे. उलट लावली तर बोट पळताना पाणी स्वतःच कड उचकटते.

लावणे ओले: एक लिटर पाण्यात बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब, त्याहून जास्त नाही. (मागे बारीक हवा-वाहिन्या असलेली फिल्म असेल तर ती कोरडीच लावायची; पाणी त्या वाहिन्यांत अडकून बसते.) फेल्ट लावलेल्या स्क्वीजीने (पाणी-हवा बाहेर ढकलायच्या सपाट पट्टीने) मधून कडांकडे, प्रत्येक फटका आधीच्यावर अर्धा चढवून. अर्ध्या तासाने ॲप्लिकेशन टेप (लावेपर्यंत फिल्म धरून ठेवणारा वरचा कागद) मागे दुमडून काढला. कडा पुन्हा दाबल्या, वळणावर हीट गनचा हलका हात.

उजवी बाजू पहिल्याच दिवशी नीट बसली. डाव्या बाजूला दोन गोष्टी फसल्या.

तिसऱ्या दिवशी पट्टीचे पुढचे टोक चार बोटे उठले. शेवटच्या पुसणीनंतर पाण्याची परीक्षा घेतलेली होती: पाणी मारले की स्वच्छ पृष्ठभागावर ते सलग पत्र्यासारखे पसरते, मेण-तेल असेल तिथे थेंब होतात. परीक्षा मधल्या भागात घेतली होती. काठाच्या ओठाखाली पॅडने उडवलेले कंपाउंड सुकून बसले होते, तिथे कोणी पाहिले नव्हते. कंपाउंडमधले तेल डिंकाला धरू देत नाही. तुकडा काढून टाकला. एकदा उठलेली, धूळ खाल्लेली फिल्म परत दाबून बसत नाही. ओठाखाली टर्पेंटाईन, मग आयसोप्रोपिल, पुन्हा पाणी, आणि नवा तुकडा.

चौथ्या दिवशी ‘गो’च्या पोटात वाटाण्याएवढे चार फुगे. टाचणीने हवा काढली, दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. त्या जागेखाली खोल ओरखड्याचे ताजे ठिगळ होते, फिल्म लावताना त्याला जेमतेम दीड दिवस झाला होता. ताज्या जेलकोटमधून त्यातल्या स्टायरीन या द्रवाची वाफ काही दिवस निघत राहते. वरून हवाबंद फिल्म चिकटवली की तिला जायला वाट नाही, फुगा होतो. टाचणीचा उपाय म्हणजे त्या फुग्याचे तोंड तात्पुरते उघडणे, वाफेचा उगम तसाच. नाव काढले, ठिगळ आठ दिवस उन्हात उघडे ठेवले, मग नवे नाव लावले. फुगे नाहीत. उजवीकडची दोन ठिगळे नावाच्या आणि पट्टीच्या बाहेर होती, म्हणून तिथे हा प्रसंग आलाच नाही.

शेवटच्या तुकड्यानंतर बोट तीन दिवस कोरडी ठेवली. डिंकाची पकड पहिल्या दिवसात बरीच आणि दोन-तीन दिवसांत पूर्ण येते. मेण लावले ते फिल्मच्या कडेपासून बोटभर दूर राहून. प्रेशर वॉशरचा फवारा पट्टीला काटकोनात आणि हातभर अंतरावरून मारायचा, कडेवर तिरपा कधीच नाही. हे वाक्य एका कागदावर लिहून बोटीच्या सामानाच्या पेटीत चिकटवले आहे, कारण बोट धुणारा माणूस दर वेळी वेगळा असतो.

राहिलेली अर्धा मीटर आकाशी कास्ट फिल्म गुंडाळून नळीत घातली आहे, रंगीत बाजू बाहेर ठेवून. माळ्यावर नाही, खालच्या खोलीत. माळ्यावर मे महिन्यात तिचा डिंक कागदालाच चिकटून बसला असता.